तळपायाची साक्ष

बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलेल्या माणसाची तपासणी चालू असते. डोळ्यांच्या बाहुल्या पाहून झालेल्या असतात, गुडघ्याखाली रबरी हातोडीचा हलका ठोका देऊन झालेला असतो. मग डॉक्टर किंवा मज्जाविकार विभागातील अनुभवी परिचारिका रुग्णाच्या पायावरचे पांघरूण बाजूला सारते आणि हातोडीच्या बोथट टोकाने तळपायाच्या बाहेरच्या कडेवर टाचेपासून बोटांच्या दिशेने एक रेघ ओढते. सारे लक्ष असते ते पायाच्या अंगठ्यावर. तो खाली वळला तर ठीक. तो सावकाश वर उचलला गेला, तर मेंदूपासून मज्जारज्जूत उतरणाऱ्या वाटेवर कुठेतरी बिघाड आहे असे समजायचे. नोंदीत त्या वेळी एक आडनाव लिहिले जाते : बाबिन्स्की.

जगभरच्या रुग्णालयांत हे नाव रोज उच्चारले जाते. परदेशांत रुग्णसेवेत असलेल्या मराठी परिचारिका, डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांना तर ते तोंडपाठ असते. नावामागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. परक्या देशात आसरा घेतलेल्या आईवडिलांचा हा मुलगा. आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या निवड-परीक्षेत त्याला डावलले गेले. आणि ज्या प्रश्नाने त्याची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही, तो प्रश्न आजही प्रत्येक तपासणीच्या खोलीत हजर असतो : रुग्ण सांगतो ते खरे कशावरून मानायचे, आणि खोटे तरी कशावरून ठरवायचे?

निर्वासितांच्या घरात

जोसेफ बाबिन्स्की यांचा जन्म १७ नोव्हेंबर १८५७ रोजी पॅरिसमध्ये झाला. त्या काळी पोलंड नावाचा देश नकाशावर उरलेला नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो आपसांत वाटून घेतला होता आणि वॉर्सा शहर रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. जोसेफचे वडील अलेक्सांदर हे अभियंता. झारशाहीच्या जाचाला कंटाळून पॅरिसला आलेल्या अनेक पोलिश कुटुंबांपैकी हे एक कुटुंब होते. जोसेफ आणि त्यांचे दोन वर्षांनी थोरले भाऊ आँरी या दोघांचे शालेय शिक्षण पॅरिसच्या बातिन्योल भागातील पोलिश शाळेत झाले. स्वदेशाबाहेर जन्मलेल्या मुलांना आपली भाषा आणि इतिहास यावा, म्हणून निर्वासितांनी ती शाळा चालवली होती. सुट्टीच्या सकाळी मुलांना मराठी शाळेत पोहोचवणाऱ्या वाचकांना त्या शाळेमागची तळमळ वेगळी सांगायला नको.

थोरल्या भावाने खाणकामाच्या अभियांत्रिकीचा मार्ग धरला, धाकट्याने वैद्यकाचा. १८८५ मध्ये जोसेफ यांनी डॉक्टरकीचा प्रबंध सादर केला. मज्जातंतूंवरील आवरण ठिकठिकाणी नष्ट होऊन शरीर दुबळे करणारा मल्टिपल स्क्लेरोसिस हा विकार त्याचा विषय होता. त्याच वर्षी त्यांना साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांच्या हाताखाली प्रमुख साहाय्यकाची जागा मिळाली. मज्जासंस्थेच्या विकारांत शार्को हे तेव्हा साऱ्या युरोपात अंतिम शब्द मानले जात.

चित्रातला साहाय्यक

साल्पेत्रिएर हे पॅरिसमधील हजारो निराधार, वृद्ध आणि दीर्घ आजारी स्त्रियांचे आश्रयस्थान होते. शार्को यांनी त्याचे रूपांतर अभ्यासकेंद्रात केले. लकवा, कंप, झटके, वाकडे झालेले हातपाय अशा अवस्थांची त्यांनी काळजीपूर्वक वर्गवारी लावली. मात्र त्यांची कीर्ती सर्वदूर पोहोचली ती हिस्टेरियावरील प्रात्यक्षिकांमुळे. भरलेल्या सभागृहात रुग्ण स्त्रीला संमोहित केले जाई आणि तिला झटके येत, हात ताठ होत, पाय लुळे पडत. १८८५ च्या हिवाळ्यात हे पाहण्यासाठी व्हिएन्नाहून आलेल्या तरुण डॉक्टरांत सिग्मंड फ्रॉइडही होते.

१८८७ मध्ये आंद्रे ब्रुइये या चित्रकाराने असा एक तास भव्य चित्रात उतरवला. डावीकडे श्रोत्यांची गर्दी, मध्यभागी शार्को, आणि त्यांच्या शेजारी मागे झुकलेली ब्लांश विटमन ही रुग्ण स्त्री. ती कोसळली तर झेलायला ज्येष्ठ परिचारिका मार्गरित बोतार हात पुढे करून सज्ज आहे. आणि ब्लांशला प्रत्यक्ष सावरून धरले आहे उंच, दाढीधारी तरुण साहाय्यकाने. ते बाबिन्स्की. चित्रातील बहुतेकांचे डोळे गुरूकडे किंवा रुग्णाकडे आहेत, पण तिच्या देहाचा भार मात्र बाबिन्स्कींच्या हातावर आहे.

हिस्टेरिया हा मज्जासंस्थेचाच आजार आहे, अशी शार्को यांची धारणा होती. बाबिन्स्कींनी काही वर्षे ती स्वीकारली, तिच्या बाजूने लिहिलेही. परंतु हातावर पेललेल्या त्या देहांविषयी त्यांच्या मनात शंका घर करू लागली असावी. एक स्त्री मेंदूतील रक्तस्रावामुळे अर्धांगवायूने पडलेली, दुसरी हिस्टेरियामुळे. दोघींचा डावा हात सारखाच लुळा, दोघी सारख्याच असहाय. मग त्यांच्या शरीरांत फरक नेमका कोठे आहे?

डावलले गेलेले वर्ष

१८९२ मध्ये बाबिन्स्की वैद्यकीय विद्यापीठातील अध्यापकपदाच्या स्पर्धापरीक्षेला बसले. फ्रान्समध्ये प्राध्यापक होण्याचा रस्ता याच दारातून जात असे. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते शार्ल बुशार. ते एकेकाळचे शार्को यांचे शिष्य आणि आता त्यांचे प्रतिस्पर्धी होते. शार्को यांचा उमेदवार नाकारला गेला. गुरूंच्या भांडणात शिष्याचा बळी गेला, असेच तेव्हा आणि नंतरही मानले गेले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८९३ मध्ये, शार्को यांचे निधन झाले आणि डोक्यावरचे छत्रही गेले.

बाबिन्स्की त्या परीक्षेला पुन्हा कधीच बसले नाहीत. त्यामुळे ते आयुष्यभर प्राध्यापक झाले नाहीत. १८९५ पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, त्यांनी पितिए रुग्णालयातील आपला विभाग सांभाळला. विद्यापीठाची व्याख्याने, परीक्षा, पदांचे राजकारण यांतून ते आपोआप सुटले. हाती उरले ते रोजचे रुग्ण आणि त्यांना पाहायला लागेल तेवढा वेळ.

त्यांच्या तपासणीची पद्धत सहकाऱ्यांत प्रसिद्ध होती. रुग्णाला कपडे उतरवायला सांगत आणि बराच वेळ काहीही न बोलता नुसते पाहत. एका बाजूचा स्नायू रोडावला आहे का, एक खांदा उतरला आहे का, कातडीचा रंग दोन्हीकडे सारखा आहे का. मग हात लावून पाहणे : स्नायू ताठ आहे की सैल, सांधा किती वाकतो, त्वचा गार आहे की उबदार. त्यानंतर हातोडी, आणि शेवटी टाचणी. निदान सांगताना शब्द अगदी मोजके. शार्को यांच्या सभागृहातील नाट्याचा येथे मागमूसही नव्हता.

अठ्ठावीस ओळी

गुडघ्याखाली ठोका दिला की पाय उडतो, ही गोष्ट एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी १८७५ मध्ये स्वतंत्रपणे नोंदवलेली होती. अशा प्रतिक्षिप्त क्रियांत मन आणि इच्छा यांना फारसा वाव नसतो. ठोक्याची वर्दी मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथूनच हुकूम परततो. म्हणजे माणसाच्या तोंडापेक्षा वेगळी, स्वतंत्र अशी साक्ष शरीराजवळ असते. बाबिन्स्की तीच साक्ष शोधत होते. टाचेच्या वरच्या जाड शिरेवर ठोका दिला की निरोगी माणसाचे पाऊल खाली झुकते. सायटिकाच्या रुग्णांत दुखऱ्या बाजूची ही हालचाल मंदावते किंवा नाहीशी होते, हे त्यांनी दाखवून दिले. कमरेपासून कळ येते असे सांगणाऱ्या मजुराचे दुखणे खरे आहे, याला त्याच्या टाचेने दुजोरा दिला.

२२ फेब्रुवारी १८९६ रोजी त्यांनी पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे एक टिपण वाचले. छापल्यावर ते अवघ्या अठ्ठावीस ओळींचे झाले. तळपायाला टोचले असता निरोगी माणसाची मांडी, पोटरी, पाऊल आणि बोटे ही सारी आखडतात आणि बोटे खाली वळतात. अर्धांगवायूच्या काही रुग्णांत मात्र लुळ्या बाजूची बोटे खाली वळण्याऐवजी वर उचलली जातात. एवढेच त्यात होते. अशी हालचाल त्यापूर्वीही एकदोघांच्या नजरेस पडली होती, पण तिचा अर्थ कोणी लावला नव्हता. बाबिन्स्कींनी आणखी दोन वर्षे रुग्ण तपासले आणि १८९८ च्या सविस्तर लेखात तिचे मोल स्पष्ट केले. पायाचा अंगठा सावकाश वर जाणे, ही मेंदूपासून मज्जारज्जूत उतरून स्नायूंना हुकूम पोहोचवणाऱ्या पिरॅमिडल मार्गाला इजा झाल्याची खूण आहे. हिस्टेरियाच्या लकव्यात ती दिसत नाही. नवजात बालकात मात्र ती आढळते आणि तिथे ती आजाराची खूण नसते. बाळाच्या त्या मार्गावरील आवरण पूर्ण तयार व्हायचे असते, म्हणून तान्ह्या मुलाचा अंगठा वर जातो आणि साधारण चालण्याच्या वयाच्या सुमारास तो मोठ्यांसारखा खाली वळू लागतो. १९०३ मध्ये त्यांनी बोटे पंख्यासारखी फाकण्याच्या लक्षणाचीही भर घातली.

मराठीत संताप झाला की तळपायाची आग मस्तकाला जाते. बाबिन्स्कींनी तीच वाट उलट दिशेने वाचली. मस्तकातील बिघाड त्यांनी तळपायावर पाहिला, तोही कवटी न उघडता. क्ष-किरणांचा शोध तेव्हा नुकताच लागला होता आणि मेंदूचे छायाचित्र घेणारी यंत्रे कित्येक दशके दूर होती.

इतर खुणाही अशाच साध्या होत्या. रुग्णाला पाठीवर झोपवायचे, हात छातीवर घडी करायला सांगायचे आणि हातांचा आधार न घेता उठून बसायला सांगायचे. मेंदूतील इजेमुळे लकवा झालेला असेल, तर उठण्याच्या प्रयत्नात लुळा पाय आपोआप बिछान्यावरून वर उचलला जातो. हिस्टेरियात तसे होत नाही. हात भराभर पालथा-उताणा करता न येणे हे लहान मेंदूच्या विकाराचे लक्षण आहे, हेही त्यांचेच निरीक्षण. आज परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट ज्या हालचाली रुग्णाकडून करवून घेतात, त्यांतील अनेकींचा उगम पितिएच्या त्या वॉर्डात आहे.

गुरूशी फारकत

या खुणा हाती आल्यावर गुरूंच्या सिद्धांताशी संघर्ष अटळ होता. नोव्हेंबर १९०१ मध्ये, ज्या न्यूरॉलॉजी मंडळाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता त्याच मंडळापुढे, बाबिन्स्कींनी हिस्टेरियाची नवी व्याख्या मांडली. सूचनेने, समजुतीने निर्माण होते आणि समजुतीनेच दूर होऊ शकते ते हिस्टेरिया. त्यासाठी त्यांनी ग्रीक शब्दांवरून पिथियाटिझम असे नावही सुचवले. साल्पेत्रिएरच्या सभागृहातील ते भव्य झटके पाहणाऱ्यांच्या आणि दाखवणाऱ्यांच्या सूचनेतून घडत होते, हा त्याचा उघड अर्थ. शार्को हयात नव्हते. त्यांच्या अनेक अनुयायांना ही मांडणी पचली नाही.

खऱ्या-खोट्याच्या या शोधातून आणखी एक विलक्षण निरीक्षण पुढे आले. डावी बाजू पूर्ण लुळी पडूनही आपल्याला काहीच झालेले नाही, असे मनापासून मानणारे रुग्ण त्यांना आढळले. ते ढोंग करत नव्हते. मेंदूला झालेल्या इजेनेच त्यांच्याकडून आजाराची जाणीव हिरावून घेतली होती. जून १९१४ मध्ये बाबिन्स्कींनी या अवस्थेला अनोसोग्नोसिया हे नाव दिले. रुग्ण आजार सांगतो म्हणून तो असतोच असे नाही, आणि नाकारतो म्हणून तो नसतोच असेही नाही.

विजेचा धक्का आणि गार कातडी

दोनच महिन्यांत पहिले महायुद्ध पेटले. खंदकांतून हजारो सैनिक असे परत आले की कोणाचा पाय वाकडाच राहिलेला, कोणाचा हात मुठीत आवळलेला, कोणाचे पाठीचे वाकणे सरळ होत नसे. हाड मोडलेले नाही, मज्जातंतू तुटलेला दिसत नाही. सेनेला प्रश्न एकच होता : हा आजारी आहे की आघाडीवर परतायला नको म्हणून सोंग करतो आहे?

बाबिन्स्कींच्या सिद्धांताचा काळा पैलू येथे उघड झाला. जे समजुतीने येते ते समजुतीने जाते, तर मग समजूत जोरदारच का घालू नये? त्यांचे शिष्य क्लोविस व्हँसाँ यांनी तूर शहरातील केंद्रात सैनिकांवर तीव्र विद्युत्प्रवाहाचे उपचार सुरू केले. सैनिकांनी त्याला पाणसुरुंगाच्या माऱ्याचेच नाव दिले. १९१६ मध्ये देशाँ नावाच्या सैनिकाने हे उपचार नाकारले आणि झटापटीत व्हँसाँ यांना ठोसा मारला. त्याच्यावर लष्करी खटला झाला. सारा फ्रान्स तो खटला वाचत होता आणि रुग्णाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे का, यावर वाद घालत होता. शिक्षा सहा महिन्यांची झाली, पण ती स्थगित ठेवण्यात आली.

याच काळात बाबिन्स्कींनी ज्यूल फ्रोमाँ यांच्यासह असे अनेक सैनिक पुन्हा नीट तपासले. त्यांतील काहींच्या अवयवांत त्यांना वेगळेच दिसले. आखडलेला हात निळसर पडलेला होता. त्याची कातडी दुसऱ्या हातापेक्षा स्पष्टपणे गार होती. स्नायू रोडावले होते. क्लोरोफॉर्मच्या गुंगीत इतर प्रतिक्षिप्त क्रिया शांत झाल्या तरी या अवयवातील क्रिया जोरकसच राहत. त्वचेचा रंग आणि तिचे तापमान कोणाला इच्छेने बदलता येत नाही. हे सैनिक सोंगाडे नव्हते आणि हिस्टेरियाचे रुग्णही नव्हते. १९१७ मध्ये दोघांनी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या विकारांचा वेगळा वर्ग मांडला आणि अशा रुग्णांवर समजुतीचे किंवा बळजबरीचे उपचार चालणार नाहीत, अशी भूमिका घेतली. या मांडणीवर पुढे वाद झाले. परंतु ज्यांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नव्हते, त्यांच्या बाजूने त्यांची कातडी तरी बोलली.

तरीही एक प्रश्न अनुत्तरितच राहिला. ज्यांचा अंगठा खालीच वळला, ज्यांची कातडी उबदारच होती, ज्यांचे शरीर कसलीच साक्ष देत नव्हते, पण भयाने ज्यांचा पाय खरोखरच उचलत नव्हता, त्यांचे काय? मनावरील आघातही खरा असतो, हे वैद्यकाने मनापासून मान्य करायला आणखी बराच काळ जावा लागला. शरीरातील इजा शोधण्यात बाबिन्स्कींची बरोबरी करणारे थोडेच होते, पण इजा न सापडणाऱ्यांना देण्यासाठी त्यांच्यापाशी फार काही नव्हते. त्यांच्या थोरवीचे मोजमाप करताना ही उणीव झाकण्याचे कारण नाही.

ओस्मान मार्गावरील घर

बाबिन्स्कींनी लग्न केले नाही. थोरले भाऊ आँरी यांनीही केले नाही. देशोदेशीच्या खाणी पालथ्या घालून परतलेल्या आँरी यांनी धाकट्याच्या संशोधनाला निवांतपणा मिळावा म्हणून घर सांभाळले. पॅरिसच्या ओस्मान मार्गावरील त्या घरात स्वयंपाकाची सारी सूत्रे आँरी यांच्याकडे होती. आली-बाब या टोपणनावाने १९०७ मध्ये त्यांनी लिहिलेला पाककृतींचा ग्रंथ फ्रेंच पाकशास्त्रात अभिजात मानला जातो. त्यामुळे एकाच घरातून एका भावाचे नाव रुग्णालयात गेले, दुसऱ्याचे स्वयंपाकघरात. धाकटे भाऊही केवळ रुग्णांतच बुडालेले नव्हते. १९२१ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर गाजलेल्या एका भयनाट्याचे सहलेखक ओलाफ म्हणजे प्रत्यक्षात बाबिन्स्कीच होते.

पोलंड १९१८ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला. बाबिन्स्की पॅरिसमध्येच राहिले, मात्र पितृभूमीशी नाते त्यांनी कधी तोडले नाही. आपल्या कामाचे श्रेय विचारले असता ते अंगठ्याच्या लक्षणापेक्षा व्हँसाँ आणि तिएरी द मार्तेल या शिष्यांना मेंदूच्या शस्त्रक्रियेची वाट दाखवली याला अधिक मोल देत. हे दोघे पुढे फ्रान्समधील मेंदू-शल्यचिकित्सेचे आद्य आधारस्तंभ ठरले.

अखेरच्या वर्षांत त्यांना पार्किन्सनच्या विकाराने गाठले. या आजाराला ते नाव रूढ केले ते त्यांच्याच गुरूंनी, शार्को यांनी. आयुष्यभर इतरांच्या स्नायूंतील ताठरपणा ज्या हातांनी अचूक ओळखला, ते हात आता स्वतःच ताठरत चालले होते. १९३१ मध्ये आँरी गेले. त्यांच्यामागे जेमतेम वर्षभराने, २९ ऑक्टोबर १९३२ रोजी, जोसेफ यांचेही निधन झाले. पॅरिसजवळच्या माँमोरान्सी येथील दफनभूमीत, मायदेशी परतू न शकलेल्या अनेक पोलिश निर्वासितांच्या सोबतीने, त्यांना चिरविश्रांती मिळाली.

आज मेंदूतील गाठ वा रक्तस्राव दाखवणारी यंत्रे जवळजवळ प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आहेत. तरीही रात्रपाळीवरची परिचारिका पांघरूण बाजूला करून कातडीचा रंग पाहते, टाचेवर दाबाने जखम तर होत नाही ना हे तपासते, हात-पाय उचलून पाहते. यंत्र येण्याआधी आणि यंत्र गेल्यानंतर रुग्णाजवळ तीच असते. बोलू न शकणाऱ्या, किंवा बोलूनही ज्यांचे कोणी ऐकत नाही अशा माणसांची साक्ष आधी तिच्याच हाती लागते. पितिए रुग्णालयातील त्या अबोल डॉक्टरने मागे ठेवलेला धडा तोच आहे : रुग्णावर अविश्वास दाखवण्यापूर्वी त्याला पुरता वेळ देऊन, पायाच्या अंगठ्यापर्यंत, नीट पाहावे.